मानाचं तेल

माणसानं खुशाल एम.एस्सी. व्हावं, फक्त स्वतःच्या गाडीच्या इंजिनाजवळ जाऊ नये.

मी सेनगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. नववीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर इंजिन काढून दाखवायचो. पिस्टन, सिलिंडर, एक बाण वर, एक बाण खाली. तपासणीला साहेब आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम माझ्याच वर्गात घेऊन यायचे. माझं ते खडूचं इंजिन सतरा वर्षांत एकदाही बिघडलं नाही! त्यामुळे आपल्याला इंजिन कळतं, असा माझा पक्का समज झाला. (पोहण्याचा धडा शिकवणाऱ्या मास्तरला विहिरीत ढकलून बघायची पद्धत आपल्याकडे नाही, म्हणून असे समज टिकतात.)

आमच्या घरी, सेनगावजवळच्या गोरेगावला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेली एक छोटी डिझेल गाडी होती. आठ-नऊ वर्षांत तिची अशी दशा झाली की मागे निळ्या धुराचा लोट आणि पुढे नुसता आवाज. चढ लागला की आत बसलेले सगळे न सांगता पुढे झुकायचे. तरी ती विकायचं कुणी बोलत नसे, कारण आमचे वडील, अण्णा. अण्णांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती आणि जीपमध्ये कोंबून घेणं जमत नव्हतं. शेतावर जायचं तर हीच गाडी, हिंगोलीच्या डॉक्टरकडे जायचं तरी हीच गाडी. थोडक्यात, ते अण्णांचे पाय होते.

आणि या पायांवर डोळा होता आमच्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. वसमतला हळदीचे व्यापारी. हळद हा मुख्य धंदा आणि दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवणं हा जोडधंदा. आले की आधी गाडीभोवती एक चक्कर मारणार.

"काय गुरुजी, ही गाडी हाय का शेगडी? द्या भंगारात! अण्णांला आमी नेतो वसमतला. गोदामावर दोन खोल्या रिकाम्याच पडून हायेत."

दाजी गेल्यावर अण्णांनी मला जवळ बोलावलं. "सुध्या, त्या खोल्यांला बावीस पायऱ्या हायेत. मी एकदा वर गेलो की खाली कवा येईन, ते जावयालाच ठाऊक. मला तिथं हळदीच्या पोत्यावानी थप्पीला लावू नको रे."

मी अण्णांचा हात धरून सांगितलं, "अण्णा, गाडी मी नवीकोरी करतो." इथपर्यंत माझं वागणं एखाद्या शहाण्या मुलाला शोभेल असंच होतं.

पुढं मी मुंजाजी मिस्त्रीकडे गेलो. सेनगाव रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. माणूस कमी बोलणारा. त्यानं इंजिन ऐकलं, धूर पाहिला आणि म्हणाला, "सिलिंडर घासून बोअर करू, सर. नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडाचं काम. अण्णांला शेतावर जायाला बस्स हाय."

"आणि टर्बो?" मी विचारलं.

"टर्बो काहून?"

"अरे, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जादा, ताकद जादा!" मी हवेत बाणसुद्धा काढून दाखवले.

"ते ठाऊक हाय मला, सर. मी इचारून राहिलो, काहून?"

खरं उत्तर होतं, दाजींची जिरवायला. पण एम.एस्सी. झालेला माणूस असं कबूल करत नाही. "सुधारणा नको का काळाप्रमाणे?" असं काहीतरी मी पुटपुटलो. आमच्या गाडीच्याच कंपनीनं मागाहून टर्बोवालं मॉडेल काढलं होतं. मुंजाजीनं नांदेडहून अपघातातल्या एका गाडीचा टर्बो आणला आणि माझ्याकडे एकदा बघून कामाला लागला. त्या बघण्यात सगळं होतं, मला ते वाचता आलं नाही.

महिनाभर इंजिन त्याच्या शेडमध्ये उघडं पडलं होतं. मी शाळा सुटली की तिथं उभा राहून सल्ले द्यायचो. मुंजाजी दर सल्ल्याला "बराबर हाय, सर" म्हणायचा आणि स्वतःला करायचं तेच करायचा. (आज गाडी शिल्लक आहे ती एवढ्यामुळेच.)

इकडे फोनवर दाजींना टर्बोची वर्दी देण्याचा मोह मला आवरला नाही. ते खोखो हसले. "म्हातारीला नऊवारीवर गॉगल! गुरुजी, लावा पैज. येत्या शनिवारी गाडी गोरेगावहून वसमतला कुठं न थांबता आली, तर अण्णांला न्यायचं नाव काढणार न्हाई. न्हाई आली, तर अण्णा आमच्याकडं."

"लागली!" मी म्हणालो. अण्णांना न विचारता अण्णा पैजेवर लावले! धर्मराजानं निदान समोर बसवून लावले होते, मी फोनवर लावले.

शनिवारी सकाळी मुंजाजी गाडी दोरीनं ओढत आमच्या दारात घेऊन आला, कारण पहिल्यांदा इंजिन सुरू होणार ते घरच्या पूजेनंच, असा आईचा हट्ट. ताई आणि दाजी आदल्या दिवसापासून मुक्कामाला. गल्ली जमलेली. मुंजाजीनं बॉनेट उघडून अखेरचा हात फिरवला. "सर, सगळं ऑइल घातलं हाय. अर्धा लिटर मुद्दाम मागं ठेवलं, तेवढं अण्णांच्या हातानं पडू द्या. हवेच्या पाइपाची क्लिप तुटली, मी स्टँडवरून घेऊन येतो. तवरोक किल्लीला हात लावू नका."

अण्णांनी अर्धा लिटर तेल ओतलं, इंजिनाला नमस्कार केला आणि जाऊन खुर्चीवर बसले. कार्यक्रम इथंच संपायला हवा होता.

पण आई वाटी घेऊन आली. "आज शनिवार हाय. मारुतीला वाहतो तसं मीबी दोन थेंब वाहते."

पाहतो तर वाटीत तिळाचं तेल! मी आडवा आलो. "आई, इंजिनात तिळाचं तेल घालतात का? काही शास्त्र आहे की नाही?" आणि पुढच्या वेळेसाठी आणून ठेवलेला इंजिन ऑइलचा नवा डबा फोडून मी तिची वाटी त्यातून भरून दिली. विज्ञानाचा विजय झाला म्हणून माझी मान ताठ! तेल कोणतं, एवढंच मी पाहिलं. तेल किती, हा प्रश्न एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नसावा.

आईनं वाहिलं म्हटल्यावर सुनेला मागं कसं ठेवणार? माझ्या बायकोनं एक वाटी वाहिली. शेजारच्या काकू पुढं झाल्या, "लेकरं याच गाडीनं दवाखान्यात नेली होती, माझाबी हात लागू द्या." त्यांच्या मागं त्यांची जाऊ. बघता बघता बॉनेटपुढं मारुतीच्या देवळासारखी रांग लागली. मी डबा धरून प्रत्येकीची वाटी भरत होतो आणि "सावकाश, सांडू देऊ नका" असं मार्गदर्शन करत होतो.

तेवढ्यात ताई कानाशी येऊन म्हणाली, "सुध्या, गल्लीचं झालं सगळं. यांला कोणी इचारलं का?"

दाजी ओट्याच्या टोकाला तोंड फिरवून बसले होते. मी हातापाया पडलो. "दाजी, तुमच्याच हातून राहिलंय."

"राहू द्या, राहू द्या. जावयाचा मान काय असतो? काकूंची जाऊबाई आधी, मग आमी!"

"चुकलं, दाजी. घ्या, वाटी भरतो."

"वाटी?" दाजी उठले. "वाटीनं तेल वाहायला आमी काय भिकारी हाव का?" आणि माझ्या हातातला अख्खा डबा घेऊन त्यांनी उलटा केला. गळ गळ गळ! शेवटचा थेंब झटकेपर्यंत जावयाचा मान इंजिनात उतरत होता. गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

मुंजाजी अजून आला नव्हता. पण दाजींनी पंचांग पाहून आणलेला मुहूर्त दारात येऊन ठेपला होता. "गुरुजी, वेळ टळून राहिली. का भेव वाटून राहिलं?"

मी बसलो आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू! काय तो आवाज, नवरीच्या चालीसारखा मऊ. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला काचेतून दिसलं. तेव्हाच हात जोडून उतरलो असतो तर बरं झालं असतं. पण दाजींना टर्बोची शिट्टी ऐकवायची होती ना! मी पाय दाबला. शिट्टी वाजली. पाय काढला.

आवाज खाली आला नाही. उलट चढत गेला. मागून पांढरा-निळा धूर असा सुटला की आधी काकू दिसेनाशा झाल्या, मग काकूंचं घर. मी किल्ली बंद केली, तर इंजिन आणखी भडकलं. मी किल्ली उपसून बाहेर आलो आणि ती उंच धरून ओरडलो, "किल्ली माझ्या हातात आहे!"

धुरातून दाजींचा आवाज आला, "मंग गाडी कोणाच्या हातात हाय?"

"बॅटरी! बॅटरीची वायर काढा!" मी किंचाळलो.

"अहो," बायको पदर नाकाला लावून म्हणाली, "डिझेल इंजिनाला ठिणगी लागत न्हाई म्हणून तुमीच तर पोरायला शिकवता ना?"

नको त्या वेळी नवऱ्याचं शिकवलेलं लक्षात ठेवणारी बायको कुणाला मिळू नये! इंजिन आता किंचाळत होतं. आई मारुतीचा धावा करत होती. दाजी जावयाचा मान सोडून गोठ्यामागं पोचले होते. आणि मी, सतरा वर्षं फळ्यावर इंजिन चालवणारा मी, "पळा, फुटणार! पळा!" असं ओरडत त्यांच्या मागं निघालो होतो.

मागून शांत हाक आली. "सूनबाई, रांजणाखालचं पोतं आण. ओलं हाय तेच."

अण्णा उठले होते. एका हातात काठी, एका हातात ओलं पोतं. गुडघे गेलेला माणूस त्या धुरात चालत शिरला! क्लिप नसलेला हवेचा पाइप त्यांनी काठीनं उचकून पाडला आणि पोत्याची चौघडी करून त्या उघड्या तोंडावर दाबली. इंजिन धडधडलं, ठसकलं, गचकलं आणि मेलं.

गल्लीत इतकी शांतता पसरली की रांजण ठिबकतो आहे तेही ऐकू येत होतं. अण्णा पोतं झटकत म्हणाले, "विहिरीवरलं इंजिन असंच भडकायचं. हवा तोडली की मरतंय."

मुंजाजी नवी क्लिप हातात घेऊन तेव्हा पोचला. त्यानं आधी ऑइल मोजायची पट्टी ओढली. पट्टी वरपासून खालपर्यंत चिंब. तो सगळ्यांकडं बघून म्हणाला, "हे इंजिन हाय का समई? किती तेल घातलं?"

"मी दोनच थेंब," आई म्हणाली. "आमी तर वाटीभर," काकू म्हणाल्या. गोठ्यामागून डोकावणारं दाजींचं डोकं पुन्हा आत गेलं.

"जादा तेल हवेच्या वाटेनं वर चढलं, सर. इंजिन तेच डिझेल समजून पिऊन राहिलं होतं. पोटातलं तेल संपल्याशिवाय किल्लीला कुठं ऐकतंय ते? अण्णा नसते तर आज तुकडे वेचावे लागले असते."

त्यानं पुन्हा सगळं उघडलं. पिस्टन वाचले, रिंगा वाचल्या. टर्बोच्या पंख्यात पोत्याचे धागे गुंतून त्याचा चोथा झाला होता. मुंजाजीनं तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काहून, ते कळलं का आता?"

मी मान डोलावली. त्या दिवशी मला माझी खरोखर लाज वाटली. ज्यांचे पाय वाचवायला निघालो, त्यांनाच मी धुरात चालायला लावलं होतं.

पंधरा दिवसांनी गाडी टर्बोशिवाय, शिट्टीशिवाय, सावकाश वसमतला गेली, कुठंही न थांबता. पुढच्या सीटवर अण्णा. दाजी दारात उभे होते. पैजेचा शनिवार केव्हाच टळून गेला होता, तेवढं बोट त्यांना दाखवता आलं असतं. पण अख्खा डबा उलटा करणारा हात तो कोणत्या तोंडानं उचलणार? "या अण्णा," एवढंच म्हणाले. ताईनं खालीच खुर्ची टाकली, चहा खालीच झाला आणि बावीस पायऱ्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

अण्णा पुढं कितीतरी वर्षं त्या गाडीनं शेतावर जात राहिले. दर सर्व्हिसिंगला तेल मोजून मुंजाजी घालायचा, शेवटचा अर्धा लिटर अण्णा घालायचे. आणि माझी एम.एस्सी. लक्षात घेऊन माझाही मान त्यांनी ठेवला होता. इंजिन सुरू होईपर्यंत तीन पावलं मागं, हातात ओलं पोतं घेऊन मी उभं राहायचं, कशालाही हात न लावता.