आई ज्याला उत्तर द्यायची

नाहूर ते बोरिवली हा काय प्रवास झाला का, असं विचारणाऱ्याने तो एकदा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन करावा. आणि तोही अशा माणसाला भेटायला, ज्याचा आपण लहानपणापासून हेवा करत आलो आहोत.

रमाकांतदादा एके काळी रोज सकाळी रेडिओवर मराठी कार्यक्रम करायचे. निवृत्तीला जमाना लोटला, तरी त्यांचे श्रोते वर्षातून एकदा जमतात. यंदाचा मेळावा बोरिवलीत होता. मी गावोगाव व्याख्यानं देतो, म्हणून आयोजकांनी मलाही चार शब्द बोलायला बोलावलं. आईने माझं एकही व्याख्यान ऐकलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणते. मेळाव्याचं ऐकलं तेव्हा गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. मी ठरवलं, त्या माणसाच्या देखतच हिला माझं भाषण ऐकवायचं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. नाहूरहून रिक्षाने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी पूर्वेला हायवेपर्यंत, मग पादचारी पुलावरून गुंदवलीची दुसरी मेट्रो धरून बोरिवली. भाडं फार पडत नाही आणि लिफ्ट आहेत. मुलुंड-गोरेगाव लिंक रोडने थेट रिक्षाही जाते, पण कंबरेची वाट लागते.

मेट्रोत आई खिडकीपाशी बसली. अंगावर मोरपंखी साडी, केसांत गजरा.

"ही कधी घेतलीस?"

"ठेवणीतली आहे."

"माझ्या सत्काराला नाही नेसलीस ती!"

"तू बोलावलंस कुठे रे? पत्रिका टेबलावर टाकून गेलास."

मी गोरेगाव येईपर्यंत खालची वाहनं बघत राहिलो.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. दारातच गरम साबुदाणा वडे आणि चहा. वडे झकास होते, चहा पाणचट. बहुतेक बायका साठीच्या पुढच्या, आणि प्रत्येकीने दादांच्या घशासाठी काही ना काही आणलेलं: खडीसाखर, ज्येष्ठमध, आल्याच्या वड्या. आईनेही पिशवीतून भाजलेल्या लवंगांची डबी काढली. माझा घसा दर व्याख्यानानंतर बसतो. मला आजवर लवंगेचं बोंडही मिळालेलं नाही.

माझी पाळी आली आणि मी पेटलो. "रेडिओ कोणी मारला? मी सांगतो!" मी म्हणालो. "आपल्या आवडीनिवडी मोजणाऱ्या यंत्रांनी मारला! ती मोजतात, ओळखत नाहीत! आपल्या सकाळी कोणी विकल्या? मी सांगतो, आपणच विकल्या!" यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या, पण नजर दादांच्या खुर्चीकडे.

दादा उठले. वाकलेले, किडकिडीत. नमस्कार केला आणि एवढंच विचारलं, "मग, आज डब्याला काय?"

आणि गप्प उभे राहिले.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते रोज हेच विचारायचे आणि थोडं थांबायचे. त्या वेळात शहरभरच्या बायका पोळ्या लाटता लाटता आपापल्या रेडिओला उत्तर द्यायच्या. मग ते म्हणायचे, "वा, झकास!" ऐकू काही येत नसे, तरी रोज.

सभागृह उसळलं. "भेंडी!" "गवार!" "बिरड्याची उसळ, दादा!" आणि माझी आई, गुडघेदुखीची रुग्ण, ताडकन उभी. "कोबी! करपली पण!"

"वा, झकास!" दादा म्हणाले. हसून हसून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्या गृहस्थाने नुसतं गप्प राहून सभा जिंकली. माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू!

परतताना गुंदवलीच्या पुलावर आई दम खायला थांबली. मी विचारलंच, "माझं भाषण कसं झालं?"

"चांगलं झालं. पुढच्या रांगेतली हिरव्या साडीतली बाई बघितलीस?"

"नाही."

"तू विचारलंस तशी ती सांगायला उठली होती बिचारी. तोवर तूच सांगून मोकळा. मग बसली."

घरी आल्यावर आईने पाय शेकायला घेतले. मी समोर बसलो. "तेव्हा रोज काय सांगायचीस त्यांना?" एवढं विचारलं आणि जीभ दाताखाली धरली. किती जड जातं ते आम्हा वक्त्यांनाच माहीत.

शेकायची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवत ती बोलली. "सगळी भाजीच नसायची रे झिला. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा डबाच नव्हता. त्याने विचारलं की मी सांगायचे, आज काही नाही हो दादा. तो म्हणायचा, वा, झकास! मला असं हसू यायचं! हसत हसत पेज ठेवायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बाहेरच्या खोलीत भाषण पाठ करत होतास. स्पर्धेचं."

"विषय काय होता?"

"गिरणी कामगार," ती म्हणाली. "पहिला आला होतास."

हेवा गेला का म्हणाल, तर नाही. उलट वाढला. त्या माणसाला आईचा एक शब्दही ऐकू येत नव्हता आणि त्याला तिने सगळं सांगितलं. मी जरा थांबलो असतो, तर मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं असतं.