गोमाजीभाऊचा मारका

साकोलीत तहसीलच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज टाईप करून देणं माझं काम, अन् लोकांच्या घरात नाक खुपसणं माझा स्वभाव. म्हणून गोमाजीभाऊची गोष्ट मले माहीत.

भाऊ एकोडीचे. तीस वर्षं राईस मिलमध्ये तांदळाच्या पोत्यांवर मारका मारत होते. मिलचं चिन्ह, म्हणजे सारसांची जोडी, त्यांनीच पत्र्यावर कोरलं होतं; तो पत्रा पोत्यावर ठेवून रंग फिरवला की मारका उठे. पहिले त्यांनी एकच सारस काढला. बायको सत्यभामा पत्रा धरून बसली होती. ते म्हणाली, "याची बायको कुठं गेली जी? धानाच्या बांधीत कधी एकटा सारस पाहिला का तुमी? काढा तिले याच्या उजव्या बाजूले." काढली. मंग तो तांदूळ जोडीच्या नावानंच खपला.

सत्यभामा गेली त्याले सहा वर्षं झाली. तिचा धड एक फोटो घरात नाही. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ते बिचारी चोर दिसते. पत्रा मिलमध्येच हरवला, जुनी पोती उंदरांनी खाल्ली, अन् भाऊचा हात आता इतका थरथरते की रेघ सरळ येत नाही. एकदा मले म्हणाले, "सरिता, ते जोडी एकदा पाहाची आहे. बस."

त्यांची पोरगी रुपा नागपुरात राहून पटावरचे खेळ बनवते. हो, खेळ! मीही हसलीच होती. तिनं धानाचा खेळ काढला. रोवणीपासून निघाचं, रानडुकरांपासून पीक वाचवाचं, अन् ज्याच्या पोत्यावर पहिले मारका लागला तो जिंकला. त्या शेवटच्या घरात तिले बाबांची जोडी पाहिजे होती.

"मंग छाप ना! तुह्या बापानंच तर काढली," मी म्हटलं.

"काकू, चिन्ह मिलच्या नावानं नोंदलं आहे. त्यांची लेखी परवानगी लागते."

आपल्याच बापाच्या चित्रासाठी अर्ज! माझं डोकं सणकलं. पण टाईप केला. तीनदा केला. भाऊ दर सोमवारी एकोडीहून बसनं येत, दुकानाच्या पायरीवर बसत. "आलं का काही?" मी नाही म्हणून चहा मागवत होती.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. त्या दिवशी रुपाही आली होती. परवानगी दिली होती, मोठ्या गोड भाषेत. सोबत चिन्हाची फाईल. मी प्रिंट काढली अन् उलटीसुलटी करून पाहिली.

एकच सारस होता.

मिलच्या नव्या मालकानं चिन्ह सुटसुटीत करून घेतलं होतं. आता तेच नोंदलेलं, तेच वापराचं. त्यात काही जोडाचं नाही, काही बदलाचं नाही, अशी अट.

"नाही लावत मी हे," रुपा रडकुंडीले आली. "आईलेच खोडून टाकलं यांनी."

मी मालकाले दोनचार शिव्या घातल्या. त्या इथं सांगत नाही.

भाऊ मात्र प्रिंट मांडीवर घेऊन बसले. मंग म्हणाले, "पत्रात पुढं काय आहे? वाच."

"चिन्हाच्या चारही बाजूले जागा कोरी सोडाची," मी वाचलं. "तिथं दुसरं काहीच छापता येणार नाही."

"कोणालेच नाही?"

"कोणालेच नाही."

त्यांनी सारसाच्या उजव्या बाजूले, त्या कोऱ्या कागदावर, आपला हात ठेवला.

"मंग लाव, रुपा. इथंच होती ते. तिच्या जागेवर कोणालेच येऊ देणार नाही, असं मिलवालेच लिहून देऊन राहिले ना."