लाईट नसताना घुमलेला स्पीकर

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... भुतांकडे कल्पनाशक्ती कमीच असावी, असं माझं मत होतं. माझी सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे इथे लिहायची पाळी माझ्यावर यावी, याचा मला अजूनही थोडा रागच आहे.

आम्ही गावी, मसुऱ्याला राहतो. निवृत्तीनंतर मुंबईचं बिऱ्हाड मोडून इथलं घर दुरुस्त केलं. पुढे अंगण, मागे विहीर आणि ओटीला लागून एक खोली. ती खोली आमच्या यजमानांनी म्युझिक सिस्टीमला दिली... दिली कसली, अर्पण केली. अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, गाण्यांनी भरलेला कॉम्प्युटर आणि कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर. पाहुण्यांनी ठराविक खुर्चीतच बसायचं, मान हलवायची नाही. डोलायचं असेल तर मनातल्या मनात.

एवढ्या थाटात एकच उणीव होती. गाणं थांबलं की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायचा, सतत. यांनी एकेक वायर काढून शोध लावला – कॉम्प्युटर जोडला की घूं, काढला की गप्प. कारण साधं होतं. कॉम्प्युटर घराच्या जुन्या अर्थिंगवर होता, अॅम्प्लिफायर विहिरीजवळच्या नव्या अर्थिंगवर. जमिनीत दोन ठिकाणी उतरलेल्या त्या तारांमध्ये विजेचा चिमूटभर फरक राहतो आणि तोच स्पीकरमधून घुमतो. ग्राउंड लूप म्हणतात याला. दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर लावल्या की काम झालं. पण त्यासाठी टेबल सरकवायला हवं होतं, आणि टेबल सरकलं की म्हणे आवाजाचा तोल जातो! मग यांनी कुठल्याशा ग्रुपवर वाचून अॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची तारच काढून टाकली. घूं बंद.

"अहो, ती तार शोभेसाठी नसते," मी म्हटलं.

"तुझं विज्ञान सातवीपर्यंतचं," हे म्हणाले.

वायरिंग करणारा बाबल तर खूश. "काकानू, तुमी इलेक्ट्रिशियन होवक व्हये होतास!"

आमच्याकडे होडी घ्या नाहीतर पाण्याचा पंप, नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांदेखत देवाला साकडं, घातल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. सिस्टीम आधीच वाजत होती, तरी यांनी तिच्यासाठीही तो घाट घातला. एका रविवारी सकाळी शेजारीपाजारी जमले. गाऱ्हाणं घालायला दाजी आले. गावातलं कुठलंही गाऱ्हाणं त्यांच्याशिवाय होत नाही. रेकॉर्ड लावायची म्हणून यांनी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली होती. सगळं सज्ज झालं... आणि लाईट गेली.

"येयत लाईट. तवसर गाऱ्हाणा आटपून घेवया," दाजी म्हणाले.

सगळे अनवाणी, हात जोडून उभे राहिले. बाबल मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. दाजींनी सूर लावला –

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात आज ह्यो गाण्याचो पेटारो बसयलो हा, तो सुरळीत वाजान दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि ह्या घराचो जो कोण राखणदार आसात, तेणी ह्या घरातल्या माणसांक संभाळूचा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमचा आवाज विरला आणि स्पीकरमधून आला – घूंऽऽ.

पहिल्यांदा सगळे हसले. बाबल म्हणाला, "पेटारो पण व्हय म्हणता हा!" मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा बंद आहे.

"आत थोडी वीज साठलेली असेल," यांनी निकाल दिला आणि नारळ फोडला. पाणी मनगटापर्यंत ओघळलं. तोच ओला हात त्यांनी अॅम्प्लिफायरच्या धातूच्या बटणाकडे नेला – कुंकू लावायला. आवाज वाढला. हात थबकला, तसा उतरला. हात पुन्हा पुढे झाला, तसा इतका चढला की माझ्या तळपायांखालची फरशी थरथरली. आता कोणी हसत नव्हतं. तो यंत्राचा आवाज राहिलाच नव्हता. कुणीतरी तोंड न उघडता, पोटातून हुंकार द्यावा तसा होता तो.

मी वाकून प्लग उपटला. प्लग माझ्या हातात... आणि आवाज चालूच!

"असं कसं?" म्हणून हे बटणावर वाकले. मी प्लग टाकून त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी. "हात लावू नका!" माझ्या तोंडून निघालेली किंकाळी मलाच ओळखू आली नाही.

तेवढ्यात पंखा फिरला. लाईट आली. आणि आवाज कापल्यासारखा थांबला.

"बाबल, प्लग लाव आणि टेस्टर धर त्या बटणावर," मी म्हटलं. त्याने धरला. टेस्टर लख्ख पेटला. अॅम्प्लिफायर उघडला तेव्हा दिसलं, उंदराने आतली वायर कुरतडली होती आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकली होती. अर्थिंग जागेवर असतं तर फ्यूज उडाला असता. आता ती वीज बाहेर पडायला वाट शोधत होती. ओला हात, अनवाणी पाय... त्या घूंने दचकून मी प्लग उपटला नसता, तर लाईट आली त्या क्षणी यांचा हात वीज उतरलेल्या बटणावरच असता.

हे मटकन त्या ठराविक खुर्चीत बसले.

माझ्या परीने मी सगळं तपासलं. इन्व्हर्टर? त्या खोलीला जोडलेलाच नाही. साठलेली वीज? ती काही क्षण पुरते, अख्ख्या प्रसंगाला नाही. आणि हात पुढे-मागे होतो, हे तिला कसं कळावं? यांच्या ग्रुपवर विचारलं, तर 'अशक्य, पुन्हा तपासा' एवढंच उत्तर. बाबलच्या व्हिडिओत तर घूं नाहीच. नारळ फुटल्याचा आवाज आहे, माझी किंकाळी आहे. मधे निव्वळ शांतता, आणि त्या शांततेत आम्ही सगळे स्पीकरकडे बघत उभे आहोत. एवढा खर्जातला आवाज मोबाइल पकडत नाही, असं हे म्हणतात. असेलही.

आता टेबल सरकवलंय, सगळं एका बोर्डावर आहे, तार जागेवर आहे. घूं पुन्हा आलेलं नाही. पण हे बटणाकडे हात नेतात तेव्हा मी हातातलं काम थांबवून कान देते. दर वेळी.

दाजी त्या दिवशी चहा न घेताच पायऱ्या उतरले होते. परवा बाजारात भेटले. मी म्हटलं, "दाजी, घराकडे येत नाही हल्ली?"

त्यांनी पिशवीची गाठ घट्ट मारली. मग म्हणाले, "बाई, जल्मभर गाऱ्हाणा घातलंय. पण उत्तर कधी इला नाय. माका तुमच्या घराचा भय वाटता."

दाजींचा राखणदारावर विश्वास होता, ते आता आमच्या पायऱ्या चढत नाहीत. माझा नव्हता. मला मात्र संध्याकाळी त्याच घरात परत जायचं असतं.