पुरातल्या पुस्तकावर रद्दचा शिक्का

पुन्याच्या सरांनी हात पुढं केला आनि म्हनाले, "मावशी, ते पुस्तक द्या."

मी दिलं नाय. पोटाशी धरून उभी राहिले.

सगळे हसले. ट्रेनिंगला आलेले बाकीचे सगळे शिकलेले लायब्रेरियन. कोन अलिबागचे, कोन मानगावचे, कोन चिपळूनचे. मीच एकटी चौथी पास. महाडच्या एका नर्सिंग शाळेत मी लायब्ररी अटेंडंट हाय. म्हंजे पुस्तकं पुसायची, जाग्यावर लावायची, मुलींना काढून द्यायची. आमच्या लायब्रेरियन मॅडम लग्न होऊन गेल्या, त्यांच्या जागी कोन आलं नाय. ट्रेनिंग आमच्याच लायब्ररीत होतं. प्रिन्सिपल बाई म्हनाल्या, "मावशी, किल्ल्या तुमच्याकडं हायत, तर ट्रेनिंगला पन तुम्हीच बसा." बसले.

ट्रेनिंग कसलं, तर दवाखान्याच्या नायतर नर्सिंगच्या लायब्ररीत जे काम करतात त्यांचं. सर म्हनाले, गोष्टीचं पुस्तक जुनं झालं तरी चालतं, उपचाराचं नाय चालत. उपचार बदलतात. काल बरोबर होतं ते आज चूक ठरतं. म्हनून जुनी पुस्तकं वेळच्या वेळी काढून टाकायची. त्याला वीडिंग म्हनतात.

मी इचारलं, "म्हंजे बेननी का ओ?"

"बेणणी म्हणजे?"

"भातातलं तन उपटतो ना, ती."

"अगदी तीच," सर म्हनाले.

मग त्यांनी पुस्तकाचं वय बघायला शिकवलं. पयलं पान उलटायचं. त्याच्या पाठीमागं बारीक अक्षरात छापल्याचं साल असतं. इंग्रजी मला येत नाय, पन आकडे येतात. तेवढं बास होतं. सर म्हनाले, आता प्रत्येकानं काढून टाकायजोगं एकेक पुस्तक शोधून आना.

अलिबागचे लायब्रेरियन उंच. ते सरळ वरच्या रॅककडं गेले आनि तिथलं पुस्तक खेचलं. मी धावले आनि त्यांच्या हातातनं काढून घेतलं.

"त्याला हात नका लावू. ती पुरातली हायत."

"मावशी, लायब्ररी आहे की देव्हारा?" ते म्हनाले. तेव्हाच सगळे हसले.

हसू देत. त्यांना काय ठाऊक. सावित्री नदीचा तो मोठा पूर ओसरल्यावर लायब्ररीत ढोपराएवढा चिखल होता. माझ्या बिरवाडीच्या खोलीतनं पन पानी फिरलेलं. आधी घर धुतलं, मग हितं आले. खालच्या रॅकचा पार लगदा झालेला. वरची जी भिजून का होईना शाबूत होती, ती घरी नेली. बाहेर पाऊस, लाईट नाय. चुलीच्या उबेला एकेक पुस्तक धरून वाळवलं. पान पानाला चिकटायचं. फुंकर घालून घालून सोडवलं. एक पान फाटू दिलं नाय.

आनि महाडात पुरातनं जे वाचतं ते कोन टाकत नाय. भांडं असो, देव असो, शिलाईची मशीन असो. ते उंचावर ठेवायचं. मी पन तसंच केलं. दसऱ्याला हार त्याच रॅकला. पाव्हने आले की प्रिन्सिपल बाई आधी तीच पुस्तकं दाखवायच्या.

सर हसले नव्हते. त्यांनी शांतपने इचारलं, "ही पुस्तकं नुसती ठेवलीत, की मुली नेतात?"

"नेतात की. हे तर सगळ्यात जास्त नेतात. सोप्या मराठीत हाय. सुप्रियानं सकाळीच परत आनून दिलं."

"तिनं कशासाठी नेलं होतं?"

"उद्या मुलींचा कार्यक्रम हाय वरंधला. भाताच्या लावनीच्या आधी लोकांना सांगनार, साप चावला तर काय करायचं. तिनं चार्ट केलाय."

सरांचा चेहरा बदलला. "तिला चार्ट घेऊन बोलवा."

सुप्रिया पोलादपूरची पोर, पयल्या वर्षाची. चार्ट टेबलावर पसरून म्हनाली, "बघा मावशी, चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं आलंय ना?"

मी बघितलं. मानसाचा पाय काढलेला. वर करकचून दोरी. खाली ब्लेडनं चिरा. दोरीला तांबडा रंग दिलेला, सगळ्यांना लांबनं दिसावा म्हनून.

तो पाय मी घरात बघितलेला.

आमचं गाव वरंधच्या अंगाला. माझ्या मालकांना बांधावर जनावर चावलं. त्यांच्या सख्ख्या भावानं गुराचं दावं काढून पोटरीवर आवळलं, चिरा दिल्या. तेव्हा सगळे तसंच सांगायचे. गाडी मिळून दवाखान्यात जाईपर्यंत पाय काळा पडला. ढोपराखाली काढावा लागला. डॉक्टर म्हनाले, साप बिनविषारी होता, पाय दोरीनं गेला. पुढं मी मजुरी केली, मग ही नोकरी धरली. मालक गेले, पन जाईपर्यंत कुबडीवरच होते.

मी पुस्तकाचं पान उलटलं. साल बघितलं. माझ्या लग्नाच्याही आधीचं.

"सुप्रिया, हे न्यायचं नाय गो."

"का? मी मनानं नाय काढलं, मावशी. पुस्तकातच हाय तसं. आमचा तो धडा अजून व्हायचाय."

"पुस्तकात हाय, म्हनूनच न्यायचं नाय."

सरांनी कॉम्प्युटरवर सध्याची सरकारी माहिती काढून तिला वाचायला दिली. बांधू नका, चिरू नका, चोखू नका. मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा द्या, मानसाला चालवू नका, सरळ दवाखाना गाठा. सुप्रियाचं तोंड एवढंसं झालं. मग दुसरा कागद घेऊन ती तिथंच काढायला बसली. सरांनी तिला चार्टच्या खाली माहिती कुठनं घेतली आनि कुठल्या सालची, ते लिहायला लावलं.

मी पुस्तक सरांपुढं ठेवलं. "शिक्का कुठाय?"

रद्दचा शिक्का मीच मारला. सर म्हनाले, आता मधनं फाडा, नायतर रद्दीतनं परत कोनीतरी घरी नेऊन वाचेल. अलिबागचे म्हनाले, "मावशी, मी फाडू का?"

"नको. वाळवलंय मी, फाडनार पन मीच."

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग सोडून मी मुलींसंगं वरंधला गेले. सरच म्हनाले, जा. सुप्रियानं "दोरी बांधू नका" म्हटल्याबरोबर पुढं बसलेले, सुतारकाम करनारे बापू उसळले, "बांधायचं नाय? मग विष डोक्यात जाईल की! काल नर्स झाली नि आम्हाला शिकवते!"

पोर घाबरली. माझ्याकडं बघायला लागली.

मी उठले. "बापू, आमच्या मालकांची कुबडी तुम्हीच करून दिली होती ना?"

बापू खाली बसले. म्हनाले, "बोल पोरी, पुढं सांग."

त्या पावसाळ्यात वरंधहून साप चावलेली एक बाई दवाखान्यात आली. पायाला फळी बांधलेली, दोरी नाय. इंजेक्शनं घेऊन आपल्या पायांनी घरी गेली.

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मला मिळालं. वरचा रॅक मी सगळा तपासला, निम्म्याहून जास्त पुस्तकांवर शिक्का बसला. त्या जाग्यावर आता नवीन पुस्तकं हायत. सर सांगून गेलेले, नवीन पुस्तकं मुलींच्या हाताशी ठेवा. त्यांच्याकडं सावित्री नाय. मी वरच ठेवते आनि स्टुलावर चढून काढून देते. देताना साल बघते. पुरातनं वाचलं म्हनून पुस्तक खरं होत नाय.