माझी वाकडी मान

"लुक ॲट हिज नेक," मास्तर म्हणाले. आख्ख्या वर्गानं माझ्याकडं पाहिलं.

मी व्हरांड्यात उभा. उंबऱ्याच्या अलीकडं. मास्तर आत, हातात छडी. इंग्रजीच्या तासाला शरीराचे अवयव चालले होते. मास्तरांची रीत अशी की एकेका पोराला पुढं बोलवायचं, खांद्यावर हात ठेवून शोल्डर म्हणायचं, कान धरून इअर म्हणायचं. पोरं अंग चोरत हसायची. मला वाटायचं, कधीतरी आपलाही कान धरतील. मानेची पाळी आली आणि त्यांनी माझं नाव घेतलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी धडपडत उठलो. पण मास्तर उंबऱ्यापर्यंतसुद्धा आले नाहीत. फळ्याजवळूनच त्यांनी छडी माझ्या मानेकडं रोखली.

"क्रुकेड. म्हणजे वाकडी. बसायची रीत नसली की मान अशी होते. आता म्हण, आय सिट बॅडली. माय नेक इज क्रुकेड."

मी म्हटलं. मी वाईट बसतो, माझी मान वाकडी आहे. खणखणीत आवाजात म्हटलं. वर्ग खिदळला. मास्तर म्हणाले, "शाब्बास."

सोलापुरातल्या त्या शाळेत मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी ती दिवसभर मनात घोळवली. आज हे लिहिताना माझी कानशिलं तापतात. पोरं हसली म्हणून नाही. मी खूश झालो म्हणून.

माझी जागा कुठं होती ते सांगतो. पहिल्याच दिवशी मास्तर मला म्हणाले होते, "यू, आऊटसाईड." मला शिकवलेला तो पहिला इंग्रजी शब्द. दारात बसलो तर जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना माझा विटाळ होईल. म्हणून चौकटीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. घरून आणलेलं गोणपाट अंथरायचं आणि तोंड मैदानाकडं करून बसायचं. फळा दिसायला हवा असेल तर मान डावीकडं वळवायची, दारातून जेवढा दिसेल तेवढा बघायचा. मी सगळा दिवस मान वळवून बसायचो. मला शिकायचं होतं. ज्यांना शिकायचं नव्हतं ती पोरं आत बसून डुलक्या घ्यायची, त्यांच्या माना सरळ होत्या.

आई रोज रात्री वीट तापवून, फडक्यात गुंडाळून माझी मान शेकायची. तिला वाटायचं, वारं धरलंय.

त्या दिवशी संध्याकाळी मी वस्तीत आलो तो इंग्रजी झाडतच. गिरणी सुटली होती. माणसं कट्ट्यावर टेकली होती. त्यांत आमचा शेजारी सोपानदादा होता. दादाची मान जन्माची वाकडी असं आम्ही पोरं समजायचो. गिरणीत त्याला मानमोड्या म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, पाठीमागं. मला त्या दिवशी भलताच चेव आला. मास्तरांसारखी काटकी उचलली, दादाच्या मानेकडं रोखली आणि ओरडलो, "युवर नेक इज क्रुकेड!"

माणसं हसली. दादाही हसला.

"म्हंजी काय रं?"

"तुजी मान वाकडी हाय. बसायची रीत न्हाय म्हणून. मास्तर म्हणत्यात."

दादाचं हसू गेलं. "कंच्या साळंत जातूस तू?"

मी शाळा सांगितली.

"चौकटीच्या बाजूला बसवत्यात का? भितीला पाट लावून?"

"व्हय."

"मी बी तितंच बसायचो," दादा म्हणाला. "लई वरीस बसलो. वाचाय येतंय की मला. पर मान न्हाय आली परत."

मी त्याच्याकडं पाहिलं. मान डावीकडं. माझी मान डावीकडं. माझ्या हातात अजून ती काटकी होती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या छडीनं मला दाखवलं, तीच मी उचलून आणली होती आणि माझ्याच माणसावर रोखली होती. मी घरात जाऊन तोंड भिंतीकडं करून पडलो. आईनं वीट आणली. मी ती लोटून दिली. "माझी मान शेकू नगं," म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते. मास्तरांनी मला व्हरांड्यात गाठलं, चार हातांवरून. शरीर आणि बसण्याच्या सवयी हा धडा ते साहेबांपुढं घेणार होते आणि त्यात माझी मान दाखवणार होते.

"मी विचारीन, व्हाय इज युवर नेक क्रुकेड? तू म्हणायचं, बिकॉज आय सिट बॅडली. उच्चार चांगला आहे तुझा. नीट म्हणालास तर पुढच्या इयत्तेत घालतो. नाहीतर तुमच्यातल्या पोरांनी इंग्रजी शिकून करायचंय काय?"

मी मान हलवली. पुढची इयत्ता मला हवी होती. दुसरं काही मी जन्मात इतकं मागितलं नव्हतं. घरी, रस्त्यानं, नळावर मी तेच वाक्य घोकत होतो. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं दादा यायचा.

साहेब आले. खुर्चीवर बसले. पोरांचे खांदे झाले, कान झाले. मग मास्तरांनी मला उभं केलं आणि छडी रोखली.

"व्हाय इज युवर नेक क्रुकेड?"

इयत्ता दिसत होती. दादाही दिसत होता.

"बिकॉज आय सिट आऊटसाईड."

साहेबांनी पहिल्यांदा व्हरांड्याकडं पाहिलं, मग माझ्या गोणपाटाकडं, मग आपल्या बुटांकडं. मास्तर लालबुंद झाले.

"गेट आऊट! बाहेर हो!"

बाहेर तर मी होतोच. आणखी कुठं बाहेर जाणार? मी गोणपाट उचललं आणि आत गेलो.

उंबरा ओलांडला. फळ्याच्या बरोबर समोर गोणपाट टाकलं आणि बसलो. पुढच्या बाकांवरची पोरं उठून पळाली. मास्तर ओरडत होते, पण मला हात लावून ओढायची सोय त्यांना नव्हती. त्यांचा विटाळ त्यांच्याच आडवा आला. शिपायाला हाक गेली. तो येईस्तोवर मी फळा बघत होतो. सबंध फळा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मान सरळ धरली तर कळ मस्तकात जात होती. मी ती सरळच धरली.

माझं नाव कमी झालं. पुढची इयत्ता गेली ती गेलीच. इंग्रजी मी नंतर दादाच्या कंदिलाखाली, मिळतील त्या कागदांवरून शिकलो.

मान अजून वाकडी आहे. ती आता सरळ व्हायची नाही. लोक विचारतात, जन्मापासून का? मी सांगतो, नाही, शाळेपासून. शाळेचं नाव सांगतो, चौकटीची बाजूही सांगतो. दादावर काटकी उगारली त्याची लाज मी कुणाकडून पुसून घेणार नाही, ती माझ्याजवळ राहायला हवी.

आज माझी लेक शाळेत जाते. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. तिथल्या मास्तरांनीही चौकटीकडं बोट केलं. मी तिचं गोणपाट घेतलं, आत नेलं, फळ्यासमोर अंथरलं आणि दारात उभा राहिलो. रोज उभा राहतो. ती बसेपर्यंत मी हलत नाही.