शंभरातले नव्वद

पद्माकर देवस्थळीला कुणी जुगारी म्हटलं असतं, तर जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधल्या मराठी मंडळींनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. गणपतीची वर्गणी जमा करायची पद्माकरकडे, कुणाचं भाड्याच्या घराचं काँट्रॅक्ट वाचून घ्यायचं तेही पद्माकरकडे. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चौदा वर्षं क्वालिटी इंजिनिअर होता. माल कुठे, किती आणि का वाया जातो हे शोधायचं, हेच त्याचं काम. घरी दही विरजतानासुद्धा हा गृहस्थ दुधात थर्मामीटर बुडवायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका मंगळवारी त्याची एसबान, म्हणजे लोकल गाडी, रद्द झाली आणि थंडी चुकवायला तो स्टेशनसमोरच्या श्पीलहालेत, म्हणजे मशीनवर पैसे लावायच्या दुकानात शिरला. तिथे कॉफी फुकट होती, हेही एक कारण. नुसती कॉफी पिऊन उठणं बरं दिसेना म्हणून त्याने मशीनमध्ये दोन युरो टाकले आणि अकरा निघाले. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं की हे मशीन शंभरातले नव्वद परत देतं. पद्माकरने लगेच हिशोब केला. शंभर नेले तर दहा जाणार. संध्याकाळभराची करमणूक सिनेमाच्या तिकिटात. मग मंगळवार आणि गुरुवार ठरूनच गेले.

बहुतेक वेळा तो शंभर नेऊन रिकाम्या हाताने परतायचा. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. याने एक्सेल शीट उघडली: नेले किती, आणले किती. सरासरी नव्वदच्या पार खाली दिसली, तेव्हा त्याने ठरवलं की मशीन मागे पडलंय, आता ते भरून काढेल. शिकलेला माणूस मूर्खपणा करतो तोही असा रीतसर, तक्त्यासकट.

आधी त्याची स्वतःची शिल्लक संपली, मग मीनलचे पैसे जाऊ लागले. मीनल, त्याची बायको, पुण्यात दातांची डॉक्टर होती. इथे अकरा वर्षं ती दुसऱ्याच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून हत्यारं पुसत होती. जर्मन परवान्याच्या परीक्षेच्या कोर्ससाठी तिने पगारातून चार हजार आठशे युरो बाजूला टाकले होते. फी भरायची शेवटची तारीख होती सोमवार. बँकेचं सगळं पद्माकर बघायचा, त्यामुळे खात्यात एकशेबारा युरोच उरलेत हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. येत्या शनिवारी एक जादा फेरी मारली की मशीन सगळं भरून काढेल, याच भरवशावर तो शांत होता.

गुरुवारी सकाळी ब्राउनश्वाइगहून शिकून आलेल्या ऊर्जाला, त्याच्या हाताखालच्या नव्या इंजिनिअरला, तो उत्पादनाची लाइन समजावून सांगत होता.

"चाळीस स्टेशनं आहेत. प्रत्येक स्टेशनवर शंभरातले अठ्ठ्याण्णव पार्ट ओके निघतात. शेवटी किती उरतील?"

"अठ्ठ्याण्णव?"

"पहिल्यांदा सगळे हेच म्हणतात," पद्माकर खुशीत म्हणाला. "आल्झो, बघ. हे अठ्ठ्याण्णव पुढच्या स्टेशनवर गेले की त्यातले पुन्हा दोन टक्के जातात. मग उरलेल्यातले पुन्हा." त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला. आकडा पंचेचाळीसच्याही खाली होता.

"म्हणजे एका वेळी किती टक्के जातात एवढंच बघून चालत नाही," ऊर्जा म्हणाली. "माल किती वेळा आतून जातो, तेही बघायला हवं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," असं म्हणता म्हणता पद्माकर थांबला.

शंभरातले नव्वद, पण ते दर वेळी. ते नव्वद त्याने कधी खिशात घातलेच नव्हते, पुन्हा मशीनमध्येच सारले होते. त्याचे झाले एक्क्याऐंशी, मग त्र्याहत्तर. वीस-वीस सेंट, पाच-पाच सेकंदांनी, दोन वर्षं. त्याने नव्वद टक्के चाळीस वेळा गुणले. शंभराचे दीड युरो उरले. आणि मशीन काही मागे पडलेलं नव्हतं. त्याला कालचं काही आठवतच नसतं, दर डाव त्याच्या लेखी पहिलाच, आणि दर डावातला दहावा हिस्सा मालकाचा. शनिवारी काहीही भरून निघणार नव्हतं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ऊर्जाने विचारलं. तो खुर्ची शोधत होता.

संध्याकाळी त्याने मीनलला सगळं सांगितलं. ती कोर्सची कागदपत्रं फाइलला लावत होती. तिने हातातली कागदपत्रं खाली ठेवली.

"गेले कसे ते सांग," ती म्हणाली. "मला समजलं पाहिजे."

त्याने एका पाकिटाच्या मागे लिहिलं: शंभर, नव्वद, एक्क्याऐंशी, त्र्याहत्तर. मीनलने आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे तुला आज कळलं?"

"मशीनचं आज कळलं."

"आणि हे गणित?"

पद्माकरने पेन खाली ठेवलं. "हे मी चौदा वर्षं शिकवतोय."

मीनलने पाकीट फाइलमध्ये ठेवलं, फीच्या फॉर्मवर. "अकरा वर्षांत एकदाही मी खात्यात डोकावले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, तू बघतोयस."

शुक्रवारी तो पासपोर्ट घेऊन श्पीलहालेत गेला आणि स्वतःला प्रवेश बंद करायचा अर्ज भरून आला. त्याची प्रत त्याने मीनलसमोर ठेवली. तिने ती वाचली आणि बँकेचा पासवर्ड मागितला. त्याच्यासमोरच तिने तो बदलला. नवा कोणता, हे त्याने विचारलं नाही.

सोमवार फी न भरताच गेला. पुढचा कोर्स सव्वा वर्षाने होता. मंगळवारी पहाटे मीनल असिस्टंटचा हिरवा कोट चढवून कामावर निघाली. पद्माकर दार धरून उभा होता. त्याच्याकडे न बघताच ती जिना उतरली.