नाल्याकडच्या कोपऱ्यातली मेंढरं

लेकीला नाही, सुनेला नाही, देवालासुद्धा मी हे सांगितलेलं नाही. देवासमोर हात जोडले की घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी व्हायचे. आज तुमच्याजवळ बोलते — बोलणं संपेपर्यंत उठू नका, एवढंच.

पारोळ्याजवळ आमचं वावर. नवरा गेल्यावर शेती मीच बघायला लागले, आणि भाऊबंद टपून बसले, बाई केव्हा तोंडघशी पडते म्हणून. मीही हट्टाला पेटले. सगळं वावर चांगलं, फक्त नाल्याकडचा कोपरा बरड. तिथं कपाशी कधी गुडघ्याच्या वर आलीच नाही. येता-जाता दीर त्या कोपऱ्याकडे बघून हसायचे, आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

उन्हाळ्यात आमच्याकडे धनगर मेंढरं घेऊन येतात. रात्री ती वावरात बसवायची — लेंड्यांचं खत जमिनीला, धान्य धनगराला. त्या साली मी देवमन धनगराला पंधरवड्यासाठी ठरवलं आणि दादर ज्वारी आगाऊच मापून दिली. बरोबर त्याची बायको गोजर, दोन कुत्री, आणि कळपात नुकतीच चरायला लागलेली कोकरं. ती कोकरं विकून जे येईल तीच त्यांची वर्षाची कमाई. हे मला ठाऊक होतं — नव्हतं असं कसं म्हणू?

आणि मी लांडगे पाहिले होते.

तो यायच्या आदल्याच सकाळी. नाल्यात काटक्या वेचत होते, मान वर केली तर समोर तिघे उभे. शेपट्या खाली, नजर माझ्यावर. मग सावकाश निघून गेले. चिखलभर त्यांचे पाय उमटले होते.

देवमनला विहिरीजवळ, गावाच्या अंगाला वाघूर लावायची होती — मेंढरांभोवतीची सुताची जाळी. मी म्हटलं, नाही, नाल्याकडे लाव. त्यानं मला सरळ विचारलं, "अक्का, तठे लांडगा दिखस का?"

"नही रे भाऊ. आठे कुत्रंबी फिरकस नही."

हे मी बोलले? हो, मीच. अडखळलेसुद्धा नाही! खरं सांगितलं असतं तर तो विहिरीजवळ बसला असता, नाहीतर दिरांच्या वावरात गेला असता. मनात म्हटलं, होऊन होऊन काय होईल, एखादं कोकरू जाईल. जाईल ते त्याचं.

दुसऱ्याच रात्री ते आले. सकाळी मी वावरात पोचले आणि जागच्या जागी खिळले. एखादं कोकरू? सगळीकडे कोकरं पडली होती. गळे फुटलेले, पोटं फाटलेली, आणि कित्येकांना तर नुसतं मारून टाकलेलं — खाल्लं नव्हतंच. एका लांडग्यानं कुत्र्यांना नाल्यापार नादी लावून नेलं आणि बाकीचे वाघुरीत शिरले, असं देवमन सांगत होता. भरल्या कासेच्या मेंढ्या ओरडत हिंडत होत्या, आपापलं पिल्लू हुंगत होत्या. भूक नसताना इतकं मारतात? त्या काळी लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. ज्याची मेंढरं गेली त्याच्यासाठी कुठल्याच कचेरीत काही नव्हतं. फाटलेलं मटण खाटीकही घेईना. सगळं त्याच कोपऱ्यात पुरलं.

संध्याकाळी गोजर दारात आली. डोक्यावर माझंच पोतं.

"अक्का, आम्हन्या राती पुऱ्या व्हयन्या नहीत. हाई दादर तुम्हनी शे." मग मान खाली घालून म्हणाली, "तुम्हना वावरमा रगत सांडनं. मनवर लेऊ नका."

ती माझी माफी मागत होती! मी काय केलं असेल, सांगा. मी माप आणलं आणि दादर मोजून घेतली. झालेल्या रात्रींचं धान्यसुद्धा तिनं ठेवून घेतलं नव्हतं, पोतं होतं तसं परत आणलं होतं. मला मोजताना ते कळलं. तरी मी शेवटचं माप माझ्याच कणगीत ओतलं, आणि ती रिकामं पोतं घडी घालून माझ्या हातात देऊन गेली.

त्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यातली कपाशी माझ्या छातीला लागली. दीर बघायला आले, तोंडात बोटं घालून उभे राहिले. किती दिवसांपासून मला तेच हवं होतं.

वेचणीच्या दिवसांत देवमन बांधावरून जाताना दिसला. पुढ्यात दुसऱ्याची मेंढरं — उरलेल्या मेंढ्या पोटापायी विकून आता तो मजुरीवर चारत होता. कपाशी बघून थांबला आणि हसला.

"भारी व्हयनी, अक्का. आम्हना मेंढरं काही तं कामे उनात."

आपली मेंढरं निदान कुणाच्या तरी कामी आली, याचं त्याला खरोखर बरं वाटलं होतं. मी मान हलवली आणि पुढचं बोंड वेचलं.